चावीला लावायचा छोटा टॉर्च घेताना काय काय बघायचं

आमचे आजोबा टॉर्चला बॅटरी म्हणायचे आणि बॅटरीला सेल. "बॅटरी आण रे" म्हटलं की कपाटावरची तीन सेलवाली स्टीलची जाडजूड नळी आणून द्यायची. ती नळी घराबाहेर कधी पडली नाही, आणि मला अंधार आडवा आला तो बहुतेक वेळा घराबाहेरच. १२ ऑक्टोबर २०२० चा सोमवार आठवतोय का, सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची लाईट गेली आणि लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, तो दिवस. बाहेर लख्ख ऊन, पण आमच्या बिल्डिंगच्या जिन्याला खिडकीच नाही, लिफ्ट बंद, आणि मी मधल्या मजल्यावर काळोखात उभा, एका हातात भाजीची पिशवी आणि दुसऱ्या हातात आठ टक्के चार्जिंगवाला मोबाईल. त्याच आठवड्यात चावीला टॉर्च लावला.

त्यानंतर पाच-सहा टॉर्च झाले. दोन हरवले, एक जीन्सच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेला, एकात सेल फुटून तो आतून जाम झाला, आणि एक जो लोकलमध्ये फेरीवाल्याकडून घेतला होता तो घरी पोचेपर्यंत पण टिकला नाही. त्यामुळे खाली जे लिहिलंय ते बरंचसं पैसे घालवून शिकलेलं आहे.

मोबाईलमध्ये टॉर्च असताना वेगळा कशाला, हे सगळेच विचारतात. मोबाईलचा उजेड चांगला पसरट असतो, मान्य. पण भर पावसात, ओल्या हाताने, गटाराच्या जाळीवर वाकून पडलेली चावी शोधायची असेल तर मी तिथे वीस हजाराचा फोन धरणार नाही. आणि त्याच वेळी फोन यायचा असतो, हा तर नियमच आहे.

आधी आठवडाभर काहीच विकत घेऊ नका

खरंच सांगतो, हे पहिलं काम. एक आठवडा फक्त लक्ष ठेवा की अंधार कुठे आडवा येतो आणि तुमच्यापासून किती अंतरावर. माझी यादी अशी निघाली: लॅचचं भोक, मीटर रूम, स्कूटरची डिकी, लोकलच्या सीटखाली पडलेला इअरफोनचा बोंडा, टीव्हीमागच्या वायरी, रात्री पोराला ताप आला तेव्हा औषधाच्या टोपणावरची रेघ, आणि पावसाळ्यात फुटपाथची लादी आहे की नुसतं पाणी आहे ते बघणं. यातलं सगळं एका हाताच्या अंतरापासून फार तर दहा-पंधरा फुटांपर्यंत. तुमची यादी वेगळी असेल, पण शहरात राहणाऱ्याची फार वेगळी नसणार.

आता ही यादी डोक्यात ठेवून लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रिक सामानाच्या बाजारात जा. काउंटरवर पहिलं वाक्य येणार, "साहेब, दोन किलोमीटर जातो." जरा हिशोब करू. टॉर्च किती लांब जातो हे मोजायचं एक मान्य स्टँडर्ड आहे, एएनएसआय एफएल१ नावाचं, त्यात झोत जिथे पाव लक्स उरतो ते अंतर धरतात, म्हणजे जेमतेम पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड. ते काढायचं सूत्र सोपं आहे, कँडेलाचं (झोत किती तीव्र आहे त्याचं माप) वर्गमूळ घ्यायचं आणि दुप्पट करायचं. दोन किलोमीटर म्हणजे २००० मीटर, त्याचं अर्धं १०००, त्याचा वर्ग दहा लाख. म्हणजे दहा लाख कँडेला पाहिजेत. चावीला लावायच्या टॉर्चमध्ये असतात काही दहा ते काही शे. १०० कँडेलाचा टॉर्च २० मीटर जातो, आणि तेही चांदण्याएवढं, नीट काही वाचता-ओळखता येईल असं अंतर त्याच्याही निम्मं धरा. तर शेठना म्हणायचं, "लांब नको, जवळचं दाखवा."

लुमेन वरचे नाही, खालचे विचारा

हा माझा मुख्य मुद्दा आहे आणि यावरून माझे मित्रांशी वाद झालेत. लुमेन म्हणजे टॉर्च एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप. सगळे विचारतात जास्तीत जास्त किती लुमेन. मी विचारतो, कमीत कमी किती.

रात्री दोन वाजता बाळाच्या खोलीत, किंवा लाईट गेल्यावर अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनी तुम्ही ३०० लुमेन मारलेत तर पुढचा बराच वेळ तुम्ही आंधळे. डोळ्याला काळोखाची पूर्ण सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि ती एका सेकंदात जाते. अशा वेळी अर्धा ते दोन लुमेनचा मिणमिणता मोड पाहिजे, त्याला काही कंपन्या मूनलाईट म्हणतात. जिन्यासाठी आणि मीटर रूमसाठी वीस ते पन्नास. त्याच्या वर जे काही आहे ते चैन. शिवाय आपल्या डोळ्याला उजेड दुप्पट वाटायला प्रत्यक्षात साधारण चौपट लुमेन लागतात, त्यामुळे बॉक्सवरचे १५० आणि २०० यातला फरक समोरच्या भिंतीवर जवळपास दिसतच नाही.

दुसरं म्हणजे गरमी. अंगठ्याएवढ्या टॉर्चला उष्णता टाकायला जागाच नसते. म्हणून ३०० लुमेनवाले मिनिटभरात आपोआप खाली उतरतात, नाहीतर हातात धरवणार नाहीत. आणि बॉक्सवर "रनटाईम ४० मिनिटं" लिहिलेलं असतं ना, त्याच एफएल१ मध्ये रनटाईम म्हणजे सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. म्हणजे ४० मिनिटं ३०० लुमेन नाही हां, ३०० पासून घसरत घसरत ३० पर्यंत. स्टँडर्डचं नावच नसेल बॉक्सवर, तर लुमेनचा आकडा म्हणजे लग्नाच्या बायोडेटामधला पगार समजा.

सेल कुठला, इथे खरा वेळ द्या

टॉर्चची अर्धी कुंडली सेलमध्ये असते. चार प्रकार बघायला मिळतात.

पहिला, फेरीवाल्याकडचा आणि बऱ्याच स्टेशनरीच्या दुकानातला, ज्यात तीन एलआर४४ बटण सेल एकावर एक असतात. सेल जुने, स्प्रिंग पातळ, टोपण पिळलं की आटे सरकतात. सोबत लाल लेझर फुकट मिळतो, तो पोरांच्या हातात देऊ नका, कुणाच्या डोळ्यात जाईल. हा प्रकार घेऊच नका, विषय संपला.

दुसरा, चपटा, दाबला की लागणारा, सीआर२०३२ किंवा दोन सीआर२०१६ वर चालणारा. फोटॉन मायक्रोलाईट या जातीतला सगळ्यात नावाजलेला. यात बहुतेक वेळा सर्किटच नसतं, सेलचाच अंतर्गत रोध एलईडीला लगाम घालतो, म्हणून उजेड हळूहळू मंदावत जातो पण एकदम दगा देत नाही. वजन सगळं मिळून दहा रुपयांच्या नाण्याच्या आसपास, चावीला लागलेला कळत पण नाही. लिथियम सेल असल्यामुळे वर्षानुवर्षं पडून राहिला तरी चालतो. आईच्या जुडग्याला मी हाच लावलाय, तिला चार्जिंग, मोड वगैरे काही नको. "दाबलं की लागला पाहिजे, बाकी तुझं तुला," असं तिने सांगितलं आणि खरं सांगू का, टॉर्चची याहून चांगली व्याख्या मला कुणी सांगितली नाही.

पण एक गोष्ट गंभीरपणे घ्या. घरात लहान मूल असेल तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारंच पाहिजे. नाण्यासारखा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. शी मध्ये पडेल म्हणून वाट बघायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. वापरलेला सेल पण घातक, त्यामुळे दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळा ठेवायचा.

तिसरा, ट्रिपल ए सेलवाला, म्हणजे दुकानात आपण छोटा पेन्सिल सेल किंवा रिमोटचा सेल म्हणतो तो. फेनिक्सचा ई०१, ओलाईटचा आय३ई हे या जातीतले. पांढऱ्या एलईडीला तीनेक व्होल्ट लागतात आणि सेल दीड व्होल्टचा, म्हणून आत व्होल्टेज चढवणारं छोटं सर्किट असतं. त्याचा फायदा असा की उजेड बराच वेळ एकसारखा राहतो, तोटा असा की सर्किट चांगलं नसेल तर सेल संपताना एकदम गुल. सेल कुठल्याही पानाच्या गादीच्या बाजूच्या दुकानात मिळतो, रात्री अकरा वाजता पण, ही फार मोठी गोष्ट आहे. मी स्वतः हाच वापरतो.

फक्त साधे अल्कलाईन सेल त्यात महिनोन् महिने ठेवू नका. ते गळतात. माझा जो जाम झाला तो असाच, जुलै-ऑगस्ट ड्रॉवरमध्ये पडला होता, काढला तर आट्यांवर पांढरी भुकटी आणि सेल नळीला आतून असा चिकटलेला की पकडीने पण हलेना. ती भुकटी अल्कली असते, त्यामुळे थोडीच असेल तर कापसावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसली तर निघते, डोळ्याला हात लावू नका तेवढं. त्यापेक्षा रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घाला, १.२ व्होल्टचे असले तरी ह्या टॉर्चना चालतात आणि सहसा गळत नाहीत. आणि हो, ट्रिपल ए च्याच मापाचा १०४४० नावाचा लिथियम सेल मिळतो, तो पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट असतो. टॉर्चवर "१०४४० चालतो" असं स्पष्ट लिहिलं नसेल तर घालू नका, दुकानदार काहीही म्हणो, सर्किट जळू शकतं.

चौथा, आतच बॅटरी असलेला, यूएसबीवर चार्ज होणारा. नायटेकोर ट्यूब, रोव्हीव्हॉन ऑरोरा वगैरे. हलके, उजेड भरपूर, रोज वापरणाऱ्याला उत्तम. माझ्या बायकोच्या पर्सच्या झिपला हाच आहे. पण आतली बॅटरी दमली की बहुतेक टॉर्च टाकूनच द्यावा लागतो, हे घेतानाच मनाशी धरायचं. आणि एक खास भानगड: टाईप सी पोर्ट असूनही काही स्वस्त टॉर्च सी टू सी केबलने चार्जच होत नाहीत, कारण पोर्टच्या मागे दोन छोटे रेझिस्टर लागतात ते कंपनीने वाचवलेले असतात. टॉर्च खराब नसतो. जुन्या चौकोनी तोंडाच्या चार्जरला ए टू सी केबल लावून बघा, होईल चार्ज. मी एक टॉर्च याच कारणाने परत केला होता, मागाहून कळलं.

बटण

दाबायचं, पिळायचं, की बाजूला बटण? घेताना एक गोष्ट करून बघा. दुकानात डाव्या हातात पिशवी धरा, उजव्या हातात चाव्या लटकलेल्या अवस्थेतच टॉर्च एका हाताने लावा. पिळायचा टॉर्च नवा असताना दोन हात मागतो, आट्यांवर किंचित सिलिकॉन ग्रीस लावलं की अंगठा आणि एका बोटाने फिरतो. बाजूच्या बटणाला ही अडचण नाही पण ते खिशात लागतं. सकाळच्या विरार लोकलमध्ये माझ्या खिशातून उजेड यायला लागला आणि समोरचा म्हणाला, "दादा, तुमचा फोन पेटला बहुतेक." फोन नव्हता, पण टॉर्च चांगलाच तापला होता. त्यामुळे बटणवाला घ्यायचा असेल तर त्यात लॉक आहे का ते विचारा, आणि लॉक कसं काढायचं हे दुकानातच दोनदा करून बघा, नाहीतर अंधारात टॉर्च लागत नाही म्हणून शिव्या देत बसाल.

पिळणाऱ्याचा उलटा प्रॉब्लेम. चाव्यांबरोबर फिरत फिरत पुढचं डोकं सैल होतं आणि रिंगवर नुसती शेपटी उरते. माझे हरवलेले दोनपैकी एक असाच गेला. घेताना दोन्ही भाग धरून बघा, रबरी रिंगमुळे थोडा तरी विरोध जाणवला पाहिजे. आणि लागल्या लागल्या कुठला मोड येतो? मंद आधी आणि भगभगीत नंतर, असाच क्रम पाहिजे. त्याच्यात एसओएस (मदतीचा लुकलुकता इशारा) आणि डिस्को घुसवलेला असेल, म्हणजे प्रत्येक वेळी पाच क्लिक मारून परत पहिल्यावर यायचं, तर ठेवा खाली.

रंगाचा विषय

हे बहुतेक कुणी सांगत नाही. निळसर पांढऱ्या स्वस्त एलईडीत लाल आणि चॉकलेटी वायर एकसारखी दिसते. मीटर बॉक्समध्ये लाल फेज आणि काळा न्यूट्रल ओळखायचा असतो हो, तिथे अंदाज चालत नाही. (वायरला हात वायरमननेच लावायचा, आपण फक्त कुठली एमसीबी पडलीय ते बघायचं.) बॉक्सवर सीआरआय नावाचा आकडा असतो, ९० च्या वर असेल तर रंग जवळपास दिवसासारखे दिसतात, साध्या टॉर्चमध्ये तो ७० च्या आसपास असतो. त्यासोबत ४००० ते ५००० केल्विन (पांढऱ्याची छटा पिवळट की निळसर त्याचं माप) लिहिलेलं मिळालं तर उत्तम, ६५०० म्हणजे ट्यूबलाईटचा निळसरपणा. सीआरआय जास्त असला की लुमेन थोडे कमी पडतात. पडू देत. दुकानात आकडा सापडला नाही तर स्वतःच्या तळहातावर टॉर्च मारा, हात माणसाचा दिसला पाहिजे, मड्याचा नाही.

पाणी आणि कडी

मुंबईत वॉटरप्रूफ या शब्दाला अर्थ वेगळा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत आलेल्या कुणालाही विचारा खिशातलं काय काय वाचलं. टॉर्च किती पाणी सोसतो ते आयपीएक्स आकड्यावरून कळतं: आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे, आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आयपीएक्स८ त्याच्याही खोल. रोजच्या पावसाला ४ पुरतो, तरी ७ मिळाला तर घ्या. यूएसबीवाल्याचं रबरी झाकण नीट बसतं का बघा, कारण ते वर्षभरात लोंबायला लागतं. पोर्ट ओलं असताना चार्जिंगला मात्र लावायचं नाही, आधी झटकून रात्रभर सुकवा.

टॉर्चसोबत येणारी बारीक कडी लगेच बदला. नखाने उघडत असेल ती दोन महिन्यांत आपोआप उघडणार, माझा दुसरा टॉर्च तिनेच घालवला. जाडसर दुहेरी रिंग लावा आणि मध्ये एक छोटा हुक टाका, म्हणजे टॉर्च जुडग्यातून सुटा काढता येतो. दोन्ही हात कामात असले की आपण टॉर्च दातात धरतो, आणि तेव्हा हनुवटीवर पाच चाव्या वाजत असतील तर काम होत नाही.

काउंटरवरची दोन मिनिटं

दुकानात लख्ख उजेड असतो, तिथे सगळेच टॉर्च फिके. काउंटरखालच्या खणात किंवा तुमच्या बॅगेत टॉर्च घालून लावा आणि डोकावून बघा: झोताच्या मधोमध काळा डाग नको, कडा मऊ पाहिजे. मंद मोडवर ठेवून समोर बोटं भराभर हलवा, बोटांच्या तुटक तुटक आकृत्या दिसल्या तर तो लुकलुकतो, काहींचं त्याने डोकं दुखतं. मोबाईलचा कॅमेरा लावलात तर पट्टे अजून स्पष्ट दिसतात. मग टॉर्च तुमच्याच जुडग्याला लावून खिशात टाका आणि दुकानात चार पावलं चाला. टोचला तर नको, कारण टोचणारा टॉर्च आठ दिवसांत ड्रॉवरमध्ये जातो. ऑनलाईन घेणार असाल तर हेच सगळं घरी करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

विमानाने जाणारे लोक, सुटे लिथियम सेल चेक-इन बॅगेत टाकू नका, केबिन बॅगेतच ठेवायचे असतात, टोकं झाकून.

घेतल्यानंतर राहतं ते चार्जिंग, जे सगळे विसरतात. मी ते संकष्टीला बांधलंय. महिन्यातून एकदा येते आणि चंद्रोदयापर्यंत उपाशीपोटी तसंही काही सुचत नसतं. बायकोचा टॉर्च केबलला लावायचा, माझ्यातला सेल काढून आटे कोरड्या फडक्याने पुसायचे, सेल चार्जरमध्ये टाकायचा, आईचा नुसता दाबून बघायचा. उजेड आधीपेक्षा पिवळट किंवा मंद वाटला तर दुसऱ्या दिवशी येताना नवा सेल घेऊन यायचा, आणि तो घेताना पाकिटावरची तारीख बघायची, कारण दुकानात वरच्या खिळ्याला लटकलेली पाकिटं कधी कधी दोन-तीन पावसाळे बघून झालेली असतात.